भावी शिक्षक आणि रसायनशास्त्राची मुळाक्षरे

१. प्रश्न कोणाचा आणि कोणाविषयी

प्रगतिपत्रकात विज्ञानाचे गुण उणे दिसले की घराघरांतून एक प्रश्न हमखास निघतो, आणि तो शाळेत जाऊन विचारण्याचे धैर्य फारच थोडे पालक करतात : ‘शिकवणाऱ्याला तरी हे नीट कळले आहे का?’ प्रश्नाचा सूर रागाचा असला तरी त्यातील शंका रास्त आहे; कारण मूल उत्तरपत्रिकेत जे चुकते, ते कित्येकदा वर्गात कोणीतरी त्याला तसेच सांगितलेले असते. शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी हा प्रश्न गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत अनेक देशांत तपासून पाहिला, आणि तो तपासताना नोकरीत मुरलेल्या शिक्षकाइतकेच लक्ष त्यांनी छात्राध्यापकाकडे, म्हणजे सनद हाती पडण्यापूर्वीच्या शिक्षकाकडे दिले. तेथे दुरुस्तीला वाव असतो.

या विचारासाठी पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके मला विशेष सोयीचे वाटतात. भीमेच्या उत्तरेस शिरूर, दक्षिणेस दौंड. एकीकडे रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि न्हावऱ्याचा घोडगंगा साखर कारखाना, दुसरीकडे कुरकुंभची रासायनिक कारखान्यांची वसाहत, पाटसचा भीमा कारखाना, आणि केडगाव, यवत, राहू या पट्ट्यात उसाच्या मळ्यांमधून धुरांडी उभारलेली गुऱ्हाळे. रसायनशास्त्र ज्याला पुस्तकाबाहेर पाहावयाचे आहे, त्याला याहून संपन्न मुलूख शोधण्यासाठी फार दूर जावे लागेल. आणि तरीही या मुलखातून अध्यापक विद्यालयात येणारा तरुण रसायनशास्त्राची व्याख्या वहीतून सांगतो, मळ्यातून सांगत नाही.

त्याची पूर्वपीठिकाही ध्यानात घेतली पाहिजे. प्राथमिक शिक्षकाची पदविका, पूर्वीची डी.एड. आणि आताची डी.एल.एड., बारावीनंतर दोन वर्षांची असते, आणि ती बारावी अमुकच शाखेची असावी अशी अट नाही. कला शाखेतून आलेल्या छात्राध्यापकाची रसायनशास्त्राशी अखेरची गाठ दहावीच्या परीक्षागृहात पडलेली असते, आणि पुढे मात्र ‘सामान्य विज्ञाना’चे पुस्तक त्याच्याच हाती येण्याचा संभव असतो. बी.एड.ला येणारा विज्ञान-पदवीधर त्या मानाने सुस्थितीत असतो, आणि २०१५ पासून तो अभ्यासक्रमही एकाचा दोन वर्षांचा झाला आहे. परंतु वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळवलेल्यालाही दहावीच्या वर्गात ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ हे प्रकरण शिकवावेच लागते. तेव्हा पुढील पृष्ठांत ज्या चुकांचा तपशील आहे, तो कोणाची फजिती करण्यासाठी दिलेला नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे.

२. बुडबुड्यांत काय असते?

प्रश्न साधा आहे. भांड्यात पाणी तासभर खळखळा उकळत आहे. तळाशी मोठे बुडबुडे निर्माण होतात, वर येतात, फुटतात. त्यांत काय आहे?

उत्तरे चार तऱ्हांची येतात. कोणी म्हणते हवा. कोणी म्हणते प्राणवायू. कोणी आत्मविश्वासाने सांगते की पाणी हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे बनलेले असल्यामुळे उष्णतेने ते दोन वायू सुटे होऊन वर येतात. आणि काही थोडे म्हणतात की ती पाण्याचीच वाफ. न्यूझीलंडमध्ये ऑस्बर्न आणि कॉस्ग्रोव्ह या दोघांनी १९८३ साली मुलांच्या अशा उत्तरांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातील सर्वांत उद्बोधक बाब अशी की हायड्रोजन-ऑक्सिजनचे उत्तर धाकट्यांपेक्षा थोरल्यांत अधिक आढळले. शाळेत न गेलेले मूल ही चूक करूच शकत नाही. त्यासाठी पाण्याचे सूत्र शिकावे लागते. पुढे १९९१ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या बॉडनर यांनी हाच प्रश्न रसायनशास्त्राच्या उच्च अभ्यासासाठी दाखल झालेल्या पदवीधरांना विचारला, तेव्हा त्यांच्यातही चुकीची उत्तरे देणारे निघाले. मग शिरूरच्या छात्राध्यापकाने ‘हवा’ म्हटले तर त्याला बोल कोणत्या तोंडाने लावावा?

परंतु उत्तर चूक आहे हे सांगून भागत नाही, ते चूक का हे त्याला स्वतःला दिसले पाहिजे. बुडबुडे हवेचे असते, तर तासभर उकळल्यावर पाण्यातील हवा केव्हाच संपून उकळणे थांबले असते. या उत्तरात सत्याचा एक अंश मात्र आहे, आणि चांगला शिक्षक तो आधी मान्य करतो : पाणी नुसते कोमट होत असताना भांड्याच्या कडांना जे बारीक बुडबुडे चिकटतात, ते विरघळलेल्या हवेचेच असतात. आता दुसरे उत्तर घ्या. हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे मिश्रण म्हणजे स्फोटक वायू. ते जर दररोज पेटत्या चुलीवरील पातेल्यातून बाहेर पडत असते, तर गावात एकही स्वयंपाकघर उभे राहिले नसते. नुसत्या उष्णतेने पाण्याच्या रेणूची लक्षात येण्याजोगी फाटाफूट व्हावयास दोन हजार अंशांहून अधिक तापमान लागते, आणि चुलीवरचे पाणी शंभर अंशांच्या आतबाहेरच घोटाळत असते.

उकळताना घडते ते एवढेच : पाण्याचे रेणू जसेच्या तसे राहतात, फक्त एकमेकांपासून दूर जातात. किती दूर? १८ ग्रॅम पाणी द्रवरूपात १८ मिलिलिटर, म्हणजे तीन-चार चमचे. त्याचीच १०० अंशांवरील वाफ सुमारे ३० लिटर जागा व्यापते. रेणू तितकेच, आकार तोच, मधली मोकळी जागा तेवढी वाढलेली. छात्राध्यापकाला याचे चित्र काढावयास सांगितले म्हणजे दोन गोष्टी उघड होतात : एक तर तो वाफेतील रेणू फुगवून मोठे काढतो, आणि दुसरे, रेणूंच्या मधल्या जागेत हवा भरतो. तेथे काहीच नाही, अगदी काहीच नाही, ही कल्पना मनाला पटावयास अवघड जाते, आणि ती अवघड आहे हे मी प्रांजळपणे मान्य करीन. पटेल न पटेल म्हणून ती टाळता मात्र येत नाही.

आता हाच प्रश्न घेऊन दौंडच्या एखाद्या गुऱ्हाळावर जावे. चुलवाणावर लोखंडी काहील, तीत उसाचा रस. चुलवाणात चिपाडाचा जाळ. पाणी १०० अंशांवर उकळते हे पाठ केलेल्या छात्राध्यापकाच्या हाती तापमापी दिली, तर त्याला दोन धक्के बसतात. पहिला असा की नुसते पाणीसुद्धा येथे सुमारे ९८ अंशांवरच उकळते, कारण हा मुलूख समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच आणि हवेचा दाब त्या मानाने कमी. दुसरा असा की रसाचे तापमान उकळू लागल्यावरही स्थिर राहत नाही. पाणी उडत जाते, साखर मागे राहते, द्रावण दाट होते, आणि दाट द्रावण अधिक तापल्याशिवाय उकळत नाही. काकवी साधारण १०५ अंशांच्या आसपास उतरते, गुळाचा पाक ११८ च्या सुमारास. गुळव्या तापमापी न वापरता पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी चाचपतो आणि काहील उतरवण्याचा हुकूम देतो. त्याचा अंदाज क्वचितच चुकतो. अखेरपर्यंत त्या काहिलीतून वर येणाऱ्या बुडबुड्यांत पाण्याचीच वाफ असते, साखरेची नव्हे. रसात सुमारे एकपंचमांश घन पदार्थ धरला, तर १,००० किलो रसातून गूळ दोनशे किलोंच्या थोडा वर निघतो, आणि उरलेले पावणेआठशे किलोंच्या वरचे पाणी, मळी म्हणून काढून टाकलेला थोडासा भाग वगळता, डोळ्यांदेखत आकाशात गेलेले असते.

३. साखर गेली कोठे?

१०० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम साखर ढवळली. द्रावणाचे वजन किती? १२० ग्रॅम, हे उत्तर बहुतेक देतात, परंतु ‘का?’ असे विचारले की पंचाईत होते. साखर ‘नाहीशी झाली’, ‘पाणी झाली’, ‘पाण्यात वितळली’ अशी जी उत्तरे येतात, त्यांतील तिसरे सर्वांत फसवे. वितळण्यासाठी पदार्थ एकटा पुरतो, त्याला उष्णता तेवढी हवी; विरघळण्यासाठी दुसरा पदार्थ लागतो. कढईत साखर तापवून तिचा पाक केला, तर ते वितळणे (आणि थोडे करपणेही). पेल्यात ढवळली, तर विरघळणे.

येथेच एक लहानसा डाव टाकावा. १०० मिलिलिटर पाणी आणि २० ग्रॅम साखर, म्हणजे मापनळीत द्रावण १२० मिलिलिटर भरेल काय? भरत नाही, सुमारे ११२ भरते. एक ग्रॅम साखर एक मिलिलिटर जागा व्यापत नाही, हे त्याचे मुख्य कारण. वस्तुमानाची बेरीज होते, आकारमानाची होईलच असे नाही, हा भेद ज्याने एकदा स्वतः मोजून पाहिला, तो पुढे कधी घसरत नाही. ज्याने मोजले नाही, तो परीक्षेत उत्तर बरोबर लिहूनही वर्गात घसरतो.

४. चिपाडाची राख आणि धुरांड्यातील हिशेब

चुलवाणात गाडीभर चिपाड जाते आणि टोपलीभर राख निघते. बाकीचे काय झाले, या प्रश्नाला ‘जळून गेले’ हे उत्तर सर्वमान्य आहे, आणि त्याने कोणाचेही समाधान होते. त्यातच त्याचा दोष आहे. अठराव्या शतकातील युरोपीय विद्वानांचे समाधान याहून फारसे निराळे नव्हते. जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे काही बाहेर पडते, अशी त्यांची धारणा होती, आणि तिला छेद द्यावयास लाव्हॉझिए यांना तराजू हाती घ्यावा लागला. १७८९ साली त्यांनी रसायनशास्त्राचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अभिक्रियेपूर्वीचे एकूण द्रव्य आणि नंतरचे एकूण द्रव्य समान असते, हे तत्त्व स्पष्ट मांडलेले आहे. आज ते आपल्या शाळेतील मुलाला एका ओळीत मिळते. ती ओळ पाठ असलेला छात्राध्यापक चिपाडाकडे पाहून मात्र लाव्हॉझिएपूर्वीचे बोलतो.

हिशेब करून पाहू. वाळलेल्या चिपाडाचा मोठा भाग सेल्युलोजचा असतो. समजुतीसाठी आपण सर्वच सेल्युलोज धरू. त्याच्या १६२ ग्रॅमांना पूर्ण जळण्यासाठी हवेतील १९२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, आणि त्यांतून २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ९० ग्रॅम पाण्याची वाफ निर्माण होते. दोन्ही बाजूंची बेरीज ३५४. म्हणजे १ किलो सेल्युलोज जळाले की धुरांड्यावाटे सुमारे १.६३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ०.५६ किलो वाफ, मिळून २.१९ किलो द्रव्य बाहेर पडते. चुलवाणात घातले त्याच्या दुपटीहून अधिक! ‘जळून गेले’ म्हणणाऱ्याला धुरांड्यातून बाहेर पडणारे ओझे चिपाडापेक्षा जड असते हे सांगून पाहावे. तो प्रथम हसतो, मग गणित तपासतो. हसण्यापासून तपासण्यापर्यंतचा तो क्षण मला कोणत्याही पाठ टाचणापेक्षा मोलाचा वाटतो.

लोखंडाचा गंज हा त्याच हिशेबाचा दुसरा अंक होय. खिळा गंजला की तो ‘झिजला’, सबब हलका झाला, असे उत्तर येते. वास्तविक लोखंडाचे ऑक्साइड होताना ५६ ग्रॅम लोखंड २४ ग्रॅम ऑक्सिजन ओढून ८० ग्रॅम होते, आणि प्रत्यक्ष गंजात पाणीही सामील असल्यामुळे भर आणखी पडते. गंज झडून गेल्यावर उरलेला खिळा हलका भरतो, आणि आपण आयुष्यभर तोच पाहतो. झडलेला चुरा तराजूत घालण्याचे कष्ट कोण घेतो?

५. समीकरण जुळले, चित्र चुकले

नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन रेणू यांपासून अमोनियाचे दोन रेणू तयार होतात. हे समीकरण संतुलित करावयास सांगितले, तर बहुतेक छात्राध्यापक ते बिनचूक करतात. आता त्यांना म्हणावे, याचे चित्र काढा. अणू वर्तुळांनी दाखवा. पुष्कळांच्या कागदावर हायड्रोजनची सहा वर्तुळे एकाच माळेत गुंफलेली दिसतात, जणू ‘तीन रेणू’ म्हणजे सहा अणूंचा एक रेणू. अमेरिकेत यारोच यांनी १९८५ साली शाळकरी मुलांवर हीच चाचणी घेतली, तेव्हा समीकरण जुळवणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना असे चित्र जमले नाही. त्यानंतर दोन वर्षांनी न्युरेनबर्न आणि पिकरिंग यांनी दाखवून दिले की महाविद्यालयीन विद्यार्थी वायूंची आकडेमोडीची उदाहरणे सोडवतात, पण त्याच वायूच्या कणांचे चित्र ओळखावयास चुकतात. ही आकडेमोड अंकगणिताची आहे. रसायनशास्त्र तिच्यात अद्याप शिरलेले नाही.

ग्लासगो विद्यापीठाच्या जॉनस्टन यांनी याची मीमांसा अशी केली की रसायनशास्त्र एकाच वेळी तीन पातळ्यांवर बोलते. एक डोळ्यांना दिसणारी पातळी : रंग, वास, उकळणे, राख. दुसरी कणांची, जी कोणाला दिसत नाही. तिसरी चिन्हांची, म्हणजे सूत्रे व समीकरणे. निष्णात रसायनज्ञ या तिन्हींमध्ये नकळत ये-जा करतो, आणि शिकवताना पहिल्या पातळीवरून थेट तिसरीवर उडी घेतो; मधली पायरी विद्यार्थ्याने आपली आपण बांधावी, अशी त्याची अपेक्षा असते. विद्यार्थी ती बांधत नाही. तो चिन्हांचे नियम पाठ करतो, उत्तीर्ण होतो, आणि कालांतराने शिक्षक होतो.

मोलची कल्पना याच कारणाने रुसून बसते. १८ ग्रॅम पाणी आणि १८ ग्रॅम साखर. रेणू कशात अधिक? ‘वजन सारखे, तेव्हा रेणूही सारखे’ हे उत्तर पटकन येते. किलोभर मोहरी आणि किलोभर हरभरा यांत दाणे सारखे भरतील काय, असे विचारले की तोच छात्राध्यापक क्षणात सावरतो. पाण्याच्या एका मोलचे वस्तुमान १८ ग्रॅम आणि साखरेच्या एका मोलचे ३४२ ग्रॅम, म्हणजे साखरेचा रेणू पाण्याच्या रेणूच्या १९ पट जड; सबब १८ ग्रॅम पाण्यात रेणू १९ पट अधिक. मोल म्हणजे मोजदादीचा एक मुकरर आकडा, सहा या अंकानंतर तेवीस शून्ये मांडावीत इतका मोठा, एवढे येथे पुरे. कुरकुंभच्या कारखान्यात टनांनी कच्चा माल मागवला जातो तो याच हिशेबावर.

६. चुना, जिप्सम आणि चोपण जमीन

आम्ल आणि आम्लारी यांविषयीच्या समजुती मात्र निराळ्या जातीच्या आहेत, आणि या दोन तालुक्यांत त्यांची परीक्षा घेण्यास जितकी सामग्री आहे तितकी क्वचितच कोठे असेल.

पहिली समजूत : आम्ल म्हणजे जाळणारे, धोक्याचे. उसाचा ताजा रस आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण पाच ते साडेपाचच्या दरम्यान, आणि तो आपण पेला भरून पितो. गुऱ्हाळात या रसात चुन्याची निवळी घालतात. ती का घालता, असे विचारले तर ‘रस साफ होतो’ असे उत्तर मिळते, आणि ते खरेच आहे. मळी वर येऊन सुटी होण्यास चुन्याची, आणि भेंडीच्या चिकटाचीही, मदत होते. परंतु त्यापलीकडे आणखी एक कार्य आहे. आम्लधर्मी रस तापत राहिला की साखरेचा रेणू पाण्याच्या साहाय्याने दुभंगतो आणि त्यापासून ग्लुकोज व फ्रुक्टोज होतात; असा गूळ नीट कठीण होत नाही, हवेतील ओल ओढतो, आणि पावसाळ्यात ढेप पाझरू लागते. चुना ते आम्ल आवरतो. पण तो जास्त पडला तर गूळ काळवंडतो. ‘किती’ या शब्दाला रसायनशास्त्रात केवढे महत्त्व आहे, हे गुळव्या जाणतो; छात्राध्यापकाची वही मात्र ‘आम्ल + आम्लारी = क्षार + पाणी’ एवढे लिहून मिटते, जणू दोन्ही कितीही घेतली तरी परिणाम तोच. सामू मोजण्याचे साधन नाही ही सबबही चालणार नाही : हळदीत बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी चुन्याच्या निवळीत लाल होते आणि रसात पिवळीच राहते. तिला पाच आणि सात यांतला फरक कळत नाही, हे खरे. परंतु तिची ही मर्यादा विद्यार्थ्यांना शोधून काढावयास लावणे, हाच एक उत्तम पाठ होईल.

दुसरी समजूत याहून चिवट आहे. मुठेचा उजवा कालवा दौंड तालुक्यातून पुढे इंदापूरकडे जातो, आणि कालव्याच्या पाण्याखालच्या, निचरा नसलेल्या भारी काळ्या जमिनींवर चोपण होण्याचे संकट असते : माती घट्ट, चिवट, पाणी मुरत नाही, सामू साडेआठच्या वर. उपाय म्हणून शेतकरी जिप्सम घालतो. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या छात्राध्यापकाला विचारावे की जिप्सम काय करते. उत्तर तयार असते : जमीन अल्कधर्मी, तेव्हा जिप्सम आम्लधर्मी असणार; दोघांचे उदासिनीकरण होते. तर्क सुसंगत आहे, पण चूक आहे. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते आम्ल नव्हे. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो आणि त्यामुळे कण विस्कटून छिद्रे बुजतात. जिप्सममधील कॅल्शियम त्या सोडियमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर निचऱ्यावाटे वाहून जातो. म्हणूनच चर खणून निचऱ्याची तजवीज केल्याशिवाय नुसते जिप्सम टाकणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय.

हे उदाहरण मी मुद्दाम लांबवले. कारण येथे छात्राध्यापक आळशी नाही, अडाणी तर मुळीच नाही. त्याने शाळेत शिकलेला एकमेव नियम प्रामाणिकपणे समोरच्या गोष्टीला लावला, आणि नियमाची हद्द कोठे संपते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. बुडबुड्यांतील हायड्रोजन, माळेतील सहा अणू आणि आम्लधर्मी जिप्सम या तिन्ही चुकांचे कुळ एकच आहे. त्या न शिकल्यामुळे होत नाहीत, अर्धे शिकून थांबल्यामुळे होतात.

७. प्रशिक्षणात काय राहून जाते

अध्यापक विद्यालयाचे दोन वर्षांचे कामकाज डोळ्यांसमोर आणा. सूक्ष्म अध्यापन, पाठ टाचणे, फळ्याचा वापर, निरीक्षण वह्या, शाळेतील आंतरवासिता. पाठाच्या निरीक्षकाजवळ जो तक्ता असतो, त्यात प्रस्तावना, आवाज, प्रश्न विचारण्याची हातोटी यांना रकाने असतात. आशयाला असतो तो बहुधा एखादाच रकाना, आणि ‘पाठ छान झाला’ असा शेरा मिळवणारा छात्राध्यापक बुडबुड्यांविषयी चुकीचे सांगून सहीसलामत निसटू शकतो. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले : विषय येणे हे एक, शिकवण्याची रीत येणे हे दुसरे, आणि अमुक विषयात मुले कोठे अडखळतात व तेथे कोणते उदाहरण द्यावे, हे जाणणे तिसरे. आपल्याकडे पहिले महाविद्यालयाकडे सोपवले, दुसरे अध्यापक विद्यालयाकडे. तिसऱ्याचे दप्तर कोणाच्याच टेबलावर नाही.

या बाबतीत आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात शिक्षकांचे प्रशिक्षण म्हणजे मुलांनी करावयाचे प्रयोग आधी शिक्षकांनी स्वतः करणे, चुकणे आणि भांडणे, असा शिरस्ता होता. तो कार्यक्रम २००२ साली शासनाने बंद केला, आणि माझ्या मते ते शहाणपणाचे झाले नाही. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विद्यार्थ्यांच्या व शिक्षकांच्या समजुतींचा अभ्यास करीत आहे.

करावयाचे ते फार खर्चाचे नाही. प्रत्येक प्रयोगापूर्वी छात्राध्यापकाकडून भाकीत लिहून घ्यावे, मग प्रयोग करावा, आणि भाकीत चुकले असेल तर ते का चुकले हे त्याच्याच हातून लिहवून घ्यावे. प्रश्न दुहेरी असावेत : ‘बंद बाटलीत कागद जळाला, बाटलीचे वजन वाढेल, घटेल की तेवढेच राहील?’ या पहिल्या भागाबरोबर ‘कारण कोणते?’ हा दुसरा भाग हवाच, कारण ‘तेवढेच राहील’ हे बरोबर उत्तर देणाऱ्यांपैकी एखादा ‘धुराला वजन नसते म्हणून’ असे कारण देतो, आणि नुसत्या पहिल्या भागावर त्याला पूर्ण गुण मिळून जातात.

शिरूर-दौंडच्या अध्यापक विद्यालयांच्या प्राचार्यांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना म्हणून विनंती आहे की आंतरवासितेच्या दिवसांपैकी एक दिवस गुऱ्हाळासाठी राखून ठेवावा, छात्राध्यापकांबरोबर एक तापमापी, एक तराजू आणि हळदीच्या पट्ट्या द्याव्यात, आणि त्यांच्या अंतिम तोंडी परीक्षेत किमान एक प्रश्न रीतीऐवजी आशयावर विचारावा. पालकांनीही आपला प्रश्न मनात ठेवू नये; पालकसभेत शिक्षकांना बुडबुड्यांविषयी अवश्य विचारावे, मात्र विचारण्यापूर्वी आपले स्वतःचे उत्तर एका कागदावर लिहून खिशात ठेवावे.